पांढऱ्या खुंटीच्या आत

दाताळं आहे मी. लोखंडाच्या पट्टीला चौदा दात आणि मागे लाकडाचा दांडा, एवढाच माझा पसारा. चौदा म्हणतोय ते जन्माच्या वेळचे. आता जागेवर तेराच आहेत. चौदावा कुठे गेला हेच सांगायला तोंड उघडलंय. गोड बोलायची मला सवय नाही, आणि ऐकून झाल्यावर कुणी हळहळावं अशी हौसही नाही. धरणारा हात दुसऱ्याचा होता, पण ओरबाडलं ते माझ्या दातांनी.

मला घडवणारा लोहार तोंडाचा फाटका आणि हाताचा पक्का. कोयता घ्या की कुऱ्हाड, प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एकच सांगायचा, "नातवाला पुरेल." माझ्या बाबतीत खरं निघालं. दांडे मात्र तीन झाले. पहिला वाळवीने खाल्ला, दुसरा गाडीच्या चाकाखाली मोडला, तिसरा अजून आहे. त्याचं पुढे सांगतो.

पहिली नोकरी एका शाळेत. आवारात मोठी झाडं, खाली पानांचा खच. शिपाई रोज सकाळी माझ्याकडून पानं ओढून घ्यायचा, कोपऱ्यात ढीग करायचा आणि काडी लावायचा. धूर वर्गात शिरला की मास्तर खिडक्या लावून घ्यायचे, पण पानं जाळू नका असं एकानेही म्हटलं नाही. काही वर्षांनी झाडं शेंड्याकडून वाळायला लागली. मग मंडळींनी खताची पोती आणून त्याच झाडांच्या बुडाशी ओतली. माणसाच्या पुढ्यातलं ताट उचलून बाहेर भिरकावायचं आणि मग त्याला सलाईन लावायचं, तसला प्रकार. मला तेव्हा काही कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणून सुटलो, असं मात्र मी म्हणणार नाही.

शाळेची इमारत पाडली तेव्हा मी भंगारात गेलो. तिथून मला उचललं चकाचकने.

चकाचक हे त्याचं नाव नव्हे. शहर संपतं तिथे जंगलाचा एक तुकडा राखून ठेवलाय, झाडामातीचा अभ्यास करायला. तिथला हा राखणदार. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, जरी लिहायची वेळ क्वचितच यायची तरी. काहीही पुसलं, झाडलं, धुतलं की दोन पावलं मागे सरून म्हणायचा, "बघा, कसं चकाचक!" म्हणून सगळे त्याला चकाचक म्हणत. तोंडावर काका म्हणत. माझा तिसरा दांडा त्यानेच तासला. काचेच्या तुकड्याने घासून घासून असा गुळगुळीत केला की तळहाताला कुसळ लागू नये. इतक्या मायेने मला याआधी कुणी धरलं नव्हतं. म्हणूनच पुढचं सांगताना जड जातं.

जागा अशी: एक बसकी इमारत. तिच्यात कचेरी, तिला लागून वजनाची खोली, तिला लागून आमची औजारांची खोली आणि मागच्या अंगाला चकाचकचं बिऱ्हाड. वजनाच्या खोलीत आणि आमच्यात एकच पातळ भिंत, वर जाळी. तिकडे कुणी शिंकलं तरी इकडे फावडी दचकायची. समोर जंगल, आणि जंगलात आखलेले बारा तुकडे, प्रत्येक एखाद्या मोठ्या खोलीएवढा. सहा तुकड्यांच्या कोपऱ्यांना तांबड्या खुंट्या, सहांच्या कोपऱ्यांना पांढऱ्या. तांबड्या खुंटीतली पानं दर महिन्याला काढून टाकायची, पानांवाचून मातीचं काय होतं ते बघायला. पांढऱ्या खुंटीच्या आत पाऊलही सांभाळून टाकायचं, दाताळं तर नाहीच. नियम एवढा सोपा.

हा नियम घातला मातीवाल्या बाईने. ती आली तेव्हा केस काळेभोर होते. मी सांगतोय त्या वेळेपर्यंत कानाजवळ पांढरे झाले होते. अकरा वर्षं ती त्या पानांत गुडघ्यांवर रांगत होती. चष्म्याला दोरी, नखांत माती, आणि मूठभर माती उचलून नाकाशी न्यायची खोड.

"बाई, वास काय घेता? ते काय अत्तर आहे?" चकाचकने एकदा विचारलं.

"घेऊन तर बघा, काका."

त्याने घेतला. "ओल्या भिंतीचा येतोय."

"बुरशीचा आहे तो."

"मग धुवायला नको?"

बाई इतकी हसली की चष्मा घरंगळून दोरीला लोंबकळला.

पण ती समजावून सांगायची. पानांत हात घालून थर उलगडून दाखवायची, चादरी उलगडाव्या तसे. सगळ्यात वर यंदाची पानं, कोरी करकरीत. त्याखाली गेल्या वर्षीची, किड्यांनी खाऊन चाळण केलेली, नुसत्या शिरा उरलेली. त्याखाली काळा भुगा, ज्यात पान कुठे संपलं आणि माती कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. मधून पांढरे धागे, बुरशीचे. आणि झाडाची केसासारखी बारीक मुळं मातीतून वर येऊन त्या भुग्यातच बसलेली, पंगतीत आधी जागा धरावी तशी.

"पाऊस पडला की पानातलं पालाश आधी निथळतं," बाई म्हणायची. "चहाच्या पुडीतून रंग उतरतो ना, तसं. नत्राचं वेगळं. ते पान सहजासहजी सोडत नाही, आणि सुटलं की बुरशी ते ओढून स्वतःकडे ठेवते. महिनोन्महिने धरून बसते. ती मेली, कुणी तिला खाल्लं, की मग ते मातीला आणि मातीतून झाडाला."

"म्हणजे आमच्या सासूबाईंसारखं," चकाचक म्हणाला. "हयातीत कुलूप काढलं नाही."

मागच्या दारातून आवाज आला, "ऐकू येतंय हो मला!" ती त्याची बायको. सगळे तिला काकू म्हणत.

हे सगळं किती वेगाने होतं, ते मोजायला बाईने बारीक जाळीच्या पिशव्या शिवल्या होत्या. वाळवून, वजन करून पानं पिशवीत भरायची, नंबराचा पत्रा अडकवायचा, पिशवी खिळ्याने जमिनीला टाचायची. दर महिन्याला काही पिशव्या उचलायच्या, भट्टीत वाळवायच्या आणि पुन्हा वजन. जेवढं कमी भरलं तेवढं जंगलाने खाल्लं. बाई पिशवी अशी उचलायची की आत झोपलेलं तान्हं जागं होऊ नये. चिमूटभर भुगा सांडला तरी नोंदवहीत लिहायची: सांडला.

आमचं काम तांबड्या खुंट्यांत. दर महिन्याला मी आणि चकाचक सहा तुकडे खरवडून काढायचो. पहिल्या दोन वर्षांत काही वाटलं नाही. पुढे पुढे माझे दात खडखडायला लागले. काळा भुगा संपला होता, खाली फिकट, घट्ट जमीन उघडी पडली होती. पाऊस पडला की पाणी आत न मुरता वाहून जायचं. मुळं उघडी पडली, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी. गांडुळं कधी उठून गेली कळलंही नाही. वरची पानंही लहान आणि पिवळट यायला लागली. चकाचक दोन पावलं मागे सरायचा आणि म्हणायचा, "कसं चकाचक!" पण जेवायला मात्र पांढऱ्या खुंटीच्या कडेला जाऊन बसायचा. म्हणायचा, "इथे गार वाटतं." का वाटतं, याचा विचार त्याने केला नाही. मी केला, आणि गप्प बसलो. मला हुकूम होता, असं स्वतःला सांगत राहिलो. हुकमाच्या आड उभं राहायला लोखंडालाही आवडतं.

आता तो दिवस.

वरून कुणी बडी मंडळी पाहणीला येणार होती. मातीवाली बाई त्या आठवड्यात रजेवर, आईला दवाखान्यात दाखल केलं होतं म्हणून. मोठे साहेब, म्हणजे कचेरीचे मुख्य, घाईघाईने बाहेर आले आणि म्हणाले, "काका, वाटेवरून जे जे नजरेला पडेल ते स्वच्छ दिसलं पाहिजे. काय समजलात?" आणि उत्तर ऐकण्याआधीच आत गेले.

वाटेला लागून होता चौथा तुकडा. पांढऱ्या खुंटीचा.

चकाचक तिथे बराच वेळ उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावर होतो, त्याची मान ताठ झालेली मला कळत होती. मग स्वतःशीच म्हणाला, "कडेकडेने हातभर काढू फक्त." हातभर काढलं. मागे सरून बघितलं. अर्धी दाढी करून सोडल्यासारखं दिसत होतं. अजून हातभर काढलं. मग अजून. "पानं काय, पडतील पुन्हा," तो पुटपुटला.

माझ्या मनाची खरी बोच पुढे आहे. मला अडता आलं असतं. दाताळी अडतात, पट्टी सैल पडते, दांडा निसटतो, माणूस वैतागून काम सोडतो. मी अडलो नाही. उलट मन लावून चाललो. इतकी वर्षं दगडावर घासून दात झिजवलेले, आणि इथे लोण्यात शिरावं तसा शिरत होतो. वरची पानं गेली, चाळणीची पानं गेली, आणि पहिल्यांदाच माझे दात त्या काळ्या भुग्यात गेले. ओलसर, मऊ. शिवण उसवावी तसे पांढरे धागे तुटत होते. केसासारखी मुळं दातांत अडकून वर येत होती. पैसाकिडे गोल गुंडाळी करून ढिगाबरोबर घरंगळत होते. मला छान वाटत होतं. हे मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही. छान वाटत होतं.

पिशव्यांचं त्याने काय केलं ऐका. खिळे उपटून चोवीसच्या चोवीस पिशव्या नीट बाजूला काढल्या. वाटेल तशा फेकल्या नाहीत, तसा तो माणूस नव्हता. पण पिशव्यांना माती लागलेली, जाळीत काळं अडकलेलं. ते त्याला बघवेना. एकेक पिशवी त्याने झटकली, गुडघ्यावर आपटली, फडक्याने पुसली. आतला भुगा झरझर गळून गेला. त्याला वाटलं, घाण गेली.

शेवटच्या कोपऱ्यात जाड मूळ होतं. मी त्याच्यावर जोरात बसलो आणि टक्क आवाज झाला. डावीकडून तिसरा दात मुळाशी तुटून मातीत गेला. त्याने थोडं शोधल्यासारखं केलं, सापडला नाही.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आली. कप तिच्या हातातच राहिला.

"अहो! ही पांढरी खुंटी ना?"

"साहेबांनी सांगितलंय."

"हाच तुकडा सांगितला? नंबर घेऊन?"

तो माझ्या दातांत अडकलेली मुळं काढायला लागला.

"अहो, ती बाई या पानांना फुंकरसुद्धा मारत नाही, आणि तुम्ही..." तिने खाली ढिगाकडे बघितलं. "आल्या आल्या तिला सांगा."

"सांगतो. पाहणी होऊ दे."

मंडळी आली. वाटेने चालताना सगळ्यांचं लक्ष आपापल्या बुटांकडे होतं, चिखल लागतोय का म्हणून. चौथ्या तुकड्याकडे एकाचीही मान वळली नाही.

दुपारी चकाचकला घाम फुटला. त्याने पानं परत टाकायचं ठरवलं. पण ढीग तोवर गाडीतून मागे नेऊन ओतलेला, त्यात तांबड्या तुकड्यांचीही पानं मिसळलेली. त्याने त्यातलंच भरून आणलं आणि पसरलं. वरचं खाली गेलं, खालचं वर आलं आणि परक्या तुकड्याचं मधे घुसलं. पिशव्या पुन्हा टाचल्या. दोन दिवस वारा सुटला, ताजी पानं वर पडली, आणि वरून बघणाऱ्याला काही कळू नये असं झालं. फोडलेला माठ चिंध्यांनी भरून पुन्हा चादरीखाली ठेवावा, तसं.

बाई आली. तिचा चेहरा उतरलेला, आईची काळजी. चकाचक म्हणाला, "आई कशा आहेत?" ती म्हणाली, "बऱ्या आहेत." तेव्हा सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "बरं झालं," आणि बादली उचलून निघून गेला.

पुढचे पाच महिने मी जाळीतून ऐकत होतो. पहिल्या महिन्यात चौथ्या तुकड्यातल्या पिशव्या एकदम हलक्या भरल्या. बाईला वाटलं, चांगलंच खाल्लंय यंदा. दुसऱ्या महिन्यापासून वजन जागचं हलेना. आतली पानं कोरडी, धागे नाहीत, किडे नाहीत. खाणारे सगळे मीच ओढून बाहेर फेकले होते, खाणार कोण? पण हे तिला कसं कळावं? तिने काटा तपासला. भट्टी तपासली. पिशव्यांचे नंबर पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. एकाच पिशवीचं नऊ वेळा वजन केलेलं मी ऐकलंय. शेवटी तिने संशय घेतला तो स्वतःचा.

"काका, माझ्याच हातून कुठेतरी घोळ झालाय," ती एकदा खोलीच्या दारात येऊन म्हणाली. "आई आजारी होती ना, तेव्हा माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तेव्हाच पिशव्यांची अदलाबदल केली असणार मी."

चकाचक माझे दात कानशीने घासत होता. नको होतं तरी घासत होता. "होतं असं," तो म्हणाला.

होतं असं! माझ्या अंगावर काटा आला, आणि मी तर लोखंडाचा.

मग मोठ्या साहेबांनी बाईला बोलावलं. कचेरीचं दार उघडंच होतं. "अकरा वर्षं, बाई! आणि तुम्हाला चोवीस पिशव्या सांभाळता येत नाहीत? एका तुकड्याची ही गत, तर बाकीच्या अकरांवर विश्वास कसा ठेवायचा?" त्यांनी कागद पुढे केला. हाताळणीतल्या चुकीमुळे नोंदी भरवशाच्या नाहीत, काम बंद करण्यात येत आहे, असं त्यावर लिहिलेलं. खाली बाईने शुक्रवारी सही करायची. सही झाली की खुंट्या उपटणार, पिशव्या गुंडाळणार, आणि बाईच्या नावापुढे जन्मभर 'निष्काळजी' लागणार. आणि ज्या बाईने सांडलेली चिमूटही लिहून ठेवली, तिला स्वतःलाच ते पटलं होतं.

बुधवारी ती चौथ्या तुकड्यातली माती शेवटची म्हणून चाळायला बसली. चाळणी हलवायला चकाचक. मी दाराशी टेकून होतो. माती गळत होती, खडे राहत होते, आणि एकाएकी चाळणीच्या तळाला ठण्ण झालं.

माझा दात. गंजलेला, बोटाएवढा.

बाई पाठमोरी, बाटलीवर नंबर लिहीत होती. "काय वाजलं, काका?"

"खडा," तो म्हणाला. दात मुठीत गेला, मुठीतून शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी.

मी तिथेच होतो, दोन हातांवर. माझाच दात साक्षीला आला होता आणि माझ्याच डोळ्यांदेखत त्याचं तोंड दाबलं गेलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा आपल्या मुकेपणाची लाज वाटली.

गुरुवारी सकाळी काकू कपडे धुवायला बसली. धुण्याचा दगड आमच्या खोलीच्या दाराशीच. शर्ट भिजवला, साबण लावला, खिसा उलटा केला आणि दात दगडावर पडला. तिने उचलून बघितला. उठली, ओल्या हाताने मला भिंतीवरून काढलं आणि डावीकडच्या तिसऱ्या खिंडारात तो दात लावून पाहिला. अगदी चपखल बसला.

"अहो, इकडे या जरा."

तो आला, अंगात नुसता बनियन.

"हा कुठे मिळाला?"

"चाळणीत."

"कुठल्या मातीत?"

"उद्या सांगतो तिला," तो म्हणाला.

"उद्या ती सही करणार आहे."

"अगं, निवृत्तीला आठ महिने राहिलेत. ही खोली जाईल. लोक काय म्हणतील? चकाचकने..."

"लोकांचं राहू द्या. पाच महिने तुम्ही जेवताना भिंतीकडे बघता. मला वाटलं, आजारी आहात. मी डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागले होते!" "तिला वाटतंय, आईची सेवा केली म्हणून काम नासलं. हे ओझं तिने न्यायचं का हो?"

शर्ट साबणात, दुसरा आणायला आत जावं लागलं असतं, आणि आत गेला असता तर बहुतेक बाहेर आला नसता. त्यालाही ते ठाऊक असावं. त्याने मला खांद्यावर टाकलं, दात मुठीत घेतला आणि बनियनवरच वजनाच्या खोलीत शिरला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणासमोर तसा उभा राहिला असेल.

बाई काट्याची काच पुसत होती.

"बाई, तुमची चूक नाही," तो म्हणाला. "हे बघा." आणि मला टेबलावर आडवा ठेवून दात जागेवर लावला.

त्याने सगळं सांगितलं. हातभर, मग अजून हातभर. पिशव्या झटकल्या तेही. "घाण वाटली मला ती, बाई."

बाई स्टुलावर बसली. ती माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

"पाच महिने, काका," ती म्हणाली. "पाच महिने मी स्वतःला खात होते. तुम्ही रोज माझ्यासमोर चहा प्यायलात."

"हो."

"वरून म्हणालात, होतं असं."

"म्हणालो."

मला वाटलं, आता ती दात फेकून मारेल. मारला असता तर बरं वाटलं असतं, त्यालाही आणि मलाही. तिने डोळे पुसले, चष्मा लावला, नोंदवही ओढली आणि कोरडेपणाने विचारलं, "तारीख कोणती? सुरुवात कुठल्या कोपऱ्यातून? किती खोल गेलात? परत टाकलेली पानं कुठल्या तुकड्यांतली?" तो सांगत गेला, ती लिहीत गेली. किती खोल, हे त्याला आठवेना. तेव्हा तिने माझ्या दातांची लांबी मोजली.

साहेबांनी आरडाओरडा केला. "अहो काका, अक्कल गहाण टाकली होती का?"

"तुम्ही म्हणालात साहेब, वाटेवरून जे नजरेला पडेल ते..."

"मी म्हणालो प्रयोगाचा तुकडा खरवडा?"

साहेबांनी पुढे विचारलं नाही, आणि तो कागद मुकाट्याने खणात गेला. दुसरा कागद आला. त्यावर लिहिलं होतं की चौथा तुकडा अमुक तारखेला दाताळ्याने उघडा पडला, बाकी अकरा तुकडे अबाधित, आणि चौथ्याची मोजणी त्या तारखेपासून वेगळी: गेलेला थर परत यायला किती वर्षं लागतात. खाली बाईची सही, तिच्याखाली चकाचकची. खिशातलं ते पेन त्या दिवशी कामाला आलं.

काम वाचलं, बाईचं नावही राहिलं. पण अकरा वर्षांत जे आपसूक थरावर थर साचलं होतं, ते एका सकाळीत मी उपसलं, आणि ते कुठल्याही सहीने परत येत नाही.

चकाचकला तुकड्यांवरून काढून फाटकावर बसवलं. खोली राहिली. बाई कित्येक आठवडे त्याच्याशी बोलली नाही. माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही, त्यानेही विचारलं नाही. एकदा फाटकातून जाताना मात्र थांबली.

"काका, ते दाताळं कुठे आहे?"

त्याने मला आणून दिलं. तिने माझं वजन केलं, दांड्याचा घेर मोजला, मानेत नंबराचा पत्रा अडकवला आणि मला चौथ्या तुकड्याच्या बाहेर, खुंटीला लागून, पानांवर आडवा ठेवला. चकाचक मागे उभा.

"दांडा लाकडाचा आहे," ती म्हणाली. "किती वर्षांत मातीला मिळतो, बघू."

"माझ्या हयातीत होईल?"

"नाही."

"मग बघणार कोण?"

"वहीत लिहून ठेवलंय. बघणारं कुणीतरी येईल."

त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. तो खाली वाकला, ज्या दांड्याला त्याने काचेने घासून गुळगुळीत केलं होतं त्यावरून एकदा हात फिरवला, आणि माझ्यावर पडलेलं एक पान झाडायला बोटं पुढे केली. मग बोटं मागे घेतली. पान तसंच राहिलं.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. तो निवृत्त होऊन लेकीकडे गेला, काकूही गेली. माझा दात वजनाच्या खोलीत बाटलीत आहे, वर चिठ्ठी लावलेली. बाई वर्षातून दोनदा मला उचलते, वाळवते, वजन करते, परत ठेवते. दरवेळी थोडा हलका भरतो. वजनाला हलका, मनाला नाही. चौथ्या तुकड्यात पुन्हा पानं साचतायत. वरचा थर झालाय, चाळणीचा होतोय. काळा भुगा अजून नखाएवढाच आहे.

तुम्हाला काय सांगू? झाडाखाली पानं दिसली की तुमचे हात शिवशिवतात, मला ठाऊक आहे. शिवशिवू द्या, आणि हात पाठीमागे बांधून उभे राहा. जमलं तर बसा, तिथे गार वाटतं. का वाटतं, याचा मात्र विचार करा.

गेल्या पावसापासून माझ्या दांड्याच्या टोकाला एक पांढरा धागा चिकटलाय. केसाएवढा बारीक, ओला. त्याच्याच जातभाईंना मी त्या सकाळी उसवून काढलं होतं, आणि मला छान वाटलं होतं. तो रोज जरासा वर सरकतो, लाकडात शिरतो. मी हलत नाही. खा बाबा. सावकाश खा, आणि खाली देऊन टाक.